वानराची तेरवी

चिखलीतल्या आमच्या गल्लीत मला कोणी नावाने हाक मारत नाही. सरकारी दवाखान्यात नोकरी केली, आता रिटायर होऊन बसलेय, पण शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्या-कोताऱ्यांपर्यंत सगळ्यांची मी सिस्टरच. निम्म्या गल्लीच्या ढुंगणाला मी सुया टोचल्यात. बाळंतिणींचे टाके पाहिलेत, म्हाताऱ्यांचे बीपी तपासलेत. म्हणून नवरा गेल्यावर पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, घर विकून टाक अन् इकडं ये," तेव्हा मी त्याला झाडलंच. "काऊन येऊ बे? अथी माही गल्ली हाये. मले काही झालं तं पहिले हेच लोक धावतीन." छातीठोक सांगितलं होतं. मूर्ख बाई!

घरामागं माझी छोटी बाग आहे. पेरू, पपई, शेवगा, चार वांगी, थोडी मेथी. आणि त्या बागेवर वानरांची टोळी. काळ्या तोंडाची, गजभर शेपटीची, पंधरा-वीस तरी. खातात त्याचं एवढं वाईट नाही वाटत, पण नासधूस किती करावी? एक पेरू खायचा, दहा चावून फेकायचे. पपईचा तर शेंडाच मोडून ठेवायचे.

लोकांनी सल्ले दिले. सल्ला द्यायला आपल्याकडे कोणी मागं नसतं. एक म्हणे सुतळी बॉम्ब फोडा. एक म्हणे शेतात लावतात तशी झटका मशीन लावा, एकदा करंट बसला की पुन्हा फिरकत नाहीत. आमच्या घरी रोज सकाळी पंचशील होतं, आणि त्यातलं पहिलंच शील कुठल्या जिवाला इजा न करण्याचं. मी ते नुसतं तोंडानं म्हणत नाही. मी वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट दोरीवर टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक वानरीण त्याच्यावरच पिल्लाला घेऊन बसली. ताट वाजवून पाहिलं. ताटाला पोचे आले, वानरं तिथंच. शेवटी जाड नायलॉनची जाळी आणली आणि बागेवर मांडवासारखी ताणून बसवली. दोन दिवस टोळीनं वरून नाचून पाहिलं, मग नाद सोडला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पण शेजारच्या काकूंचं बिनसलं. काकू दर शनिवारी वानरांना केळी आणि फुटाणे घालतात. मारुतीचं रूप म्हणून. टोळी माझ्या पेरूवरून त्यांच्या भिंतीवर उतरायची, नैवेद्य खायची आणि जाताना माझी बाग उरकायची. पुण्य त्यांचं, पेरू माझे! जाळीमुळे ती वाट बंद झाली. मग काकूंनी केळी आपल्या गच्चीच्या कठड्यावर ठेवायला सुरुवात केली, बरोबर जिथून खांबावरची तार घरात येते तिथं.

मी गच्चीवरून ओरडून सांगितलं, "काकू, तथी ठेवू नका वो, तार हाये. एखाद्याले करंट लागन."

काकू हसल्या. "देवाले कायचा करंट लागते, सिस्टर? तुमच्यात नाई ना मारुती, तुमाले नाई समजायचं."

ते 'तुमच्यात' मी ऐकलं. तीस वर्षं ऐकत आलेय, काही नवीन नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा त्या केळी तिथंच ठेवून खाली निघून गेल्या.

चौथ्या शनिवारी सकाळी फाडकन आवाज झाला आणि लाइट गेली. धावत बाहेर आले तर टोळीतला मोठा नर रस्त्यावर पडलेला. हाताची कातडी जळालेली, डोळे उघडे. मी तिथंच मातीत बसले. माणसाची दाबतात तशी त्याची छाती दाबली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. एकदा त्यानं माझं बोट धरलं, अगदी घट्ट, आणि मग सोडलं. भोवती गल्ली जमली होती. सगळ्यांच्या हातात मोबाईल.

मी उठून उभी राहिले तेव्हा काकू रडत होत्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "त्या जाळीनं केलं हे. बिचाऱ्याची वाट बंद केली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! मला वाटलं, कोणीतरी बोलेल. तारेजवळ केळी कोण ठेवत होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणी बोललं नाही. समोरचा मास्तर, ज्याच्या आईची लघवीची पिशवी मी महिनाभर बदलली, तो खाली बघून म्हणाला, "जाळी नसती तं वाचला असता, हे खरं हाये." आणि खोटं कसं म्हणू? जाळी नसती तर तो पेरूवरूनच उतरला असता. ते मला आजही टोचतं. पण टोचतं ते मला एकटीलाच.

दुपारी अंत्ययात्रा निघाली. तिरडी, नवं कापड, गुलाल, पुढे टाळकरी. बायाबापड्या, पोरं, दुकानं बंद करून आलेले दुकानदार. तीन बाप्यांनी मुंडण केलं. मी दारात उभी होते. माझ्या नवऱ्याला नेलं तेव्हा या गल्लीतून चार माणसं आली होती. कोणाकडे पाहुणे होते, कोणाला ड्युटी होती, आणि मी वेडी सगळ्यांची समजूत घालत होते, असू द्या, असू द्या म्हणून. वानराच्या मागं चाललेली माणसं मी मोजायला लागले आणि पन्नासाच्या पुढं सोडून दिलं.

तेरवीला गल्लीत मांडव पडला. सकाळपासून बुंदीचा वास. अकराच्या सुमारास काकूंची सून झाकलेली थर्माकोलची प्लेट घेऊन दारात आली.

"सिस्टर, सासूबाई म्हने तुमी गर्दीत कुठं येता, म्हून घरीच आणलं."

"सगळ्याइले घरीच देऊन राह्यले का?"

ती पोर गोरीमोरी झाली. तिचं पहिलं बाळंतपण मीच केलंय. "नाई... पंगत बसून राह्यली ना," एवढंच म्हणाली.

माझं डोकं सणकलं. तीच प्लेट हातात घेतली आणि तडक मांडवात गेले. बायकांच्या पंगतीत एक जागा होती, तिथं मांडी घालून बसले. शेजारची बाई गुडघे दुखतात म्हणून उठली आणि पलीकडच्या ओळीत जाऊन खाली बसली. खाली, हो! कोणी मला ऊठ म्हणालं नाही. कोणी बस पण म्हणालं नाही. वाढणारा पोरगा माझ्यापाशी आला तेव्हा त्यानं पळी वीतभर उंच धरली आणि वरून सोडलं. वरणाचे शिंतोडे माझ्या लुगड्यावर उडाले. त्याला गोवर झाला होता तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते.

मी पोटभर जेवले. बुंदीही दोनदा मागून घेतली. घरी येऊन लुगडं भिजत घातलं आणि मुलाला फोन लावला. म्हटलं, "ये बाबू, घराले गिऱ्हाईक पाह्य."