भिंतीपासून दूर बसलेले उंदीर

सत्यशीला दुर्गे यांनी अकरा वर्षं आश्रमशाळेत दोनशे पोरांचा भात रांधला. तांदूळ निवडावा तर त्यांनीच. परातीत एखादा दाणा जागचा हलला, तर तो दाणा नाही, किडा आहे, हे बाकीच्या बायांच्या आधी त्यांना दिसायचं. शाळेचं स्वयंपाकघर ठेकेदाराकडे गेलं आणि बाईंचं काम सुटलं. नवरा वारून आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन राजुऱ्याला गेली होती. मार्च सरता सरता आलापल्लीबाहेर, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या सर्प-उपचार केंद्रात माणूस पाहिजे म्हणून कळलं, आणि त्या गेल्या.

केंद्र म्हणजे एका छोट्या संस्थेनं घेतलेला कवेलूच्या छपराचा जुना बंगला. मासेमारीच्या जाळ्यात गुंतलेले, ट्रॅक्टरखाली आलेले, कुऱ्हाडीचा घाव बसलेले साप तिथं आणायचे, बरे झाले की जंगलात सोडायचे. त्यांच्या खाण्यासाठी मागच्या खोलीत पांढरे उंदीर वाढवलेले होते. चौदा प्लास्टिकचे टब, वर जाळीची झाकणं, आत लाकडाचा भुसा. बाईंचं काम त्या खोलीत.

सापांची त्यांना भीती नव्हती. अडचण दुसरीच होती. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायची सवय, आणि पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. केंद्राच्या पशुवैद्य डॉ. रिना मडावी आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सांगितलं, उंदराला आधी गॅसनं झोपवतात, मग सापाला देतात. ते काम डॉक्टर स्वतः करायच्या. तरी पहिले काही दिवस बाईंची जीभ त्या ओळीवर अडखळायचीच. "मरेपरेंत त्यायले सुखात ठेवीन, इतकं तर माह्या हातात आहे," असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि कामाला लागल्या.

खोलीत काहीतरी बिनसलं आहे हे त्यांना तिसऱ्या दिवशी जाणवलं. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन असं की पाखरूही बोलत नव्हतं. उंदरांनी अशा वेळी ढिगात झोपलेलं असायला हवं. पण चौदाही टबांमध्ये सगळे जागे होते. बाईंनी वाकून पाहिलं. उंदीर भिंतीला धरून चालतो, कोपऱ्यात लपतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. हे उंदीर टबाच्या बरोबर मध्यभागी एकमेकांवर चढून बसले होते. कडेला एकही नाही, कोपऱ्यात एकही नाही. आणि सगळे तोंड आत करून.

मग आवाज ऐकू आला. चिवचिव नव्हती. कोरड्या सागाच्या पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा बारीक, न थांबणारा आवाज. शंभरेक उंदीर एकाच वेळी अंग खाजवत होते.

पुढच्या आठवड्यात चार पिल्लं पांढरीफटक होऊन मेली. एका मादीनं आपलं सगळं वेत खाऊन टाकलं. उंदरांचे गुलाबी कान कागदासारखे झाले. बाईंनी एकेकाला हातात घेऊन, केस फुंकरून पाहिलं. ऊ नाही, गोचीड नाही, काहीच नाही. मात्र घरी आल्यावर त्यांच्या स्वतःच्या कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, लाल टिपक्यांची एक सरळ ओळ उठलेली होती, आणि मनगटावरही तसेच टिपके. रात्री अंगावरून काही चालल्यासारखं वाटायचं. दिवा लावला की काही नसायचं.

त्यांच्या आधी हे काम गावातलेच, त्यांच्या ओळखीचे लटारू मोहुर्ले करायचे. नऊ वर्षं केलं आणि होळीच्या आधी एका दुपारी टबाचं झाकण उघडंच टाकून निघून गेले. परत आले नाहीत. त्यांना काहीतरी लागलंय, असं गावात लोक बोलायचे ते बाईंनी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आता त्या लटारूंच्या घरी गेल्या.

लटारू अंगणात भर उन्हात खाटेवर बसले होते. डोकं तुळतुळीत भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. अंगाला रॉकेलचा वास. दोन्ही हातांवर खाजवून खाजवून खपल्या धरलेल्या. त्यांची बायको चंदा दारात उभी होती.

"सावलीत येत नाई," चंदा म्हणाली. "सावलीत अंगावर काईतरी चालते म्हनते. पुजारी झाला, कोंबडा झाला, काई फरक नाई, बाई."

"लटारूभाऊ," सत्यशीलाबाई जवळ बसत म्हणाल्या, "मले बी चावून राह्यलं काईतरी. काय आहे त्या खोलीत?"

लटारूंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुले बी?"

बाईंनी मनगट पुढं केलं. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि हळू आवाजात बोलू लागले. "तू या गोष्टी मानत नाई, मले मालूम आहे. पन आयक. मी नऊ वर्सं त्या उंदरायले सापापुढं टाकलं. ते गेले नाईत. भिंतीत आहेत. दुपारची भिंत चालते, सत्यशीला. मी पाह्यलं."

"कवापासून, भाऊ?"

उत्तर चंदानं दिलं. "संक्रांतीपासून. त्या खोलीच्या माळ्यावर रानउंदरायनं लई तरास देल्ला होता. खाली उतरून पांढरे पिल्लं खायचे. यायनं माळ्यावर औषध टाकलं. सारे मेले. तवापासूनच हे लागलं मांगं."

"त्यायचाच तळतळाट," लटारू म्हणाले आणि पुन्हा हात खाजवू लागले.

बाई तिथून निघाल्या. भुताखेतावर विश्वास नव्हता, पण त्या माणसाचे हात खरे होते आणि स्वतःच्या कमरेवरची ओळही खरी होती. घरी न जाता त्या सरळ केंद्रावर गेल्या. खोलीत शिरल्या, दार लोटलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. टबांकडे न पाहता भिंतीकडे पाहिलं.

भिंत आणि छताच्या फळ्या जिथं मिळतात तिथून एक राखाडी ओघळ खाली आला होता. धुळीचा असावा तसा. काल तो इतका खाली नव्हता, याची त्यांना खात्री होती. स्टुलावर चढून त्यांनी चेहरा जवळ नेला. धूळ स्थिर होती. त्यांनी श्वास सोडला, आणि धूळ हलली. वाऱ्यानं उडाली असती तर दूर गेली असती. ही त्यांच्या दिशेनं आली. ओघळाच्या टोकाला एक जीभ फुटली आणि ती त्यांच्या तोंडाकडे सरकू लागली.

बाई स्टुलावरून पडल्याच. कोपर सोलवटलं. बाहेर पळून त्या ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या. थोड्या वेळानं परातीतले तांदूळ निवडणारी बाई पुन्हा जागी झाली. हलतं तो किडा असतो. ऑफिसातली चिकटपट्टी घेऊन त्या आत गेल्या, श्वास रोखून पट्टी त्या ओघळावर दाबली आणि कागदावर चिकटवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉ. रिना यांनी तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरून नीट पाहिला. मग बाजूला सरकल्या. "बघा बाई."

गोल प्रकाशात आठ पायांचे, फुगलेले जीव अडकले होते. काही रिकामे, काचेसारखे. काहींच्या पोटात गडद रक्त होतं.

"माइट म्हणतात याला. गोचीडाची धाकटी बहीण समजा," डॉक्टर म्हणाल्या. "एक जात उंदराच्या अंगावरच राहते, केसात सापडते. ही तशी नाही. ही फटीत राहते. भूक लागली की येते, रक्त पिते, परत जाते. म्हणून तुम्हाला उंदरांवर काही दिसलं नाही. अंगाची ऊब आणि श्वास, एवढ्यावर तिला कळतं की कोणीतरी आहे."

"पन इतक्या आल्या कुठून?"

"तेच कळत नाही. लाकडाच्या भुशातून आल्या असत्या तर टबात जास्त असत्या."

तेव्हा बाईंनी चंदानं सांगितलेलं सांगितलं. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला आणि वर, छताकडे पाहिलं. "माळ्यावरचे उंदीर मेले," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या रक्तावर या जगत होत्या तेच गेले. मग या खाली उतरल्या."

आधी उंदरांना बाहेर काढलं. नवे टब उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात तापवले होते. जुना भुसा जिथल्या तिथं पोत्यात बांधून खड्ड्यात जाळला. डॉक्टरांनी औषध पातळ करून दिलं, प्रत्येक उंदराच्या मानेमागे एकच थेंब. बाईंनी एकेकाला उपरण्यात धरलं. पिल्लं पाजणाऱ्या माद्यांना औषध द्यायचं नव्हतं. त्यांना दर दिवसाआड नव्या टबात, नव्या भुशावर हलवायचं. औषधानं अंडी मरत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा थेंब, आणि पुन्हा दहा दिवसांनी. आणि ज्याला थेंब दिला तो उंदीर महिनाभर सापाला द्यायचा नाही.

"साप उपाशी राह्यतीन ना?" बाईंनी विचारलं.

"अजगर महिना काय, तीन महिने थांबतो. बाकीच्यांसाठी नागपूरहून आणू. पण आणलेले उंदीर वेगळ्या खोलीत. तीन आठवडे त्यांचा यांना वारासुद्धा लागायला नको."

मग छत उघडायचं ठरलं. मे महिन्याची दुपार होती. दोन मजूर आले होते. पहिली फळी उचकटताच वरून काही पडलं नाही, फक्त वास आला, जुन्या चामड्याचा. दुसरी फळी निघाली आणि माळा दिसला. चिंध्या, सागाची पानं, पोत्याचे धागे यांची एकाला एक लागून घरटी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जणू एक वस्तीच. प्रत्येक घरट्यात वाळून लाकूड झालेले रानउंदीर, काही पिलांना पोटाशी धरून. त्यांच्यावरून, त्यांच्यामधून, राखाडी साय पसरलेली होती. फळीचा धक्का लागला तशी ती सगळी साय एकदम जागी झाली. ती तुळईवरून वाहत भिंतीवर आली, आणि भिंत खरोखरच चालू लागली. एक मजूर शिडी टाकून बाहेर पळाला. दुसऱ्यानं गोंडीत काहीतरी पुटपुटलं आणि तो हललाच नाही. डॉक्टरांनी त्याला दंड धरून बाहेर आणलं.

सत्यशीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना लटारू आठवले. तो माणूस खोटं एकही अक्षर बोलला नव्हता. त्यानं पाहिलं होतं ते खरं होतं, फक्त त्याला त्याचं नाव सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

माळा पूर्ण उतरवला. घरटी जाळली. रिकाम्या खोलीत औषध फवारून ती आठवडाभर बंद ठेवली, फटी सिमेंटनं बुजवल्या, भिंतींना चुना दिला. टबांच्या मांडणीचे पाय तेलाच्या वाट्यांमध्ये ठेवले. भुसा आता लाकूड कापायच्या आरा मिलवरून आला की काळ्या पिशव्यांत बांधून पत्र्यावर ठेवायचा. इथलं ऊन त्यात कोणताही जीव शिल्लक ठेवत नाही.

तिसऱ्या थेंबानंतर बाई दुपारी खोलीत गेल्या. उंदीर कडेला, भिंतीला टेकून, ढिगात झोपले होते. त्या कितीतरी वेळ ते बघत राहिल्या.

चिकटपट्टीचा तो कागद आणि सूक्ष्मदर्शक घेऊन त्या डॉक्टरांसोबत लटारूंच्या घरी गेल्या. लटारू खाटेवरून उठेनात. शेवटी सूक्ष्मदर्शकच खाटेवर ठेवला. त्यांनी एक डोळा लावला, आणि लावूनच ठेवला. पाठीवर घाम निथळत होता.

"हे मरतेत का?" त्यांनी विचारलं.

"मरतेत, भाऊ. मेले. सारे मेले," बाई म्हणाल्या.

"अन् ते उंदीर? मी टाकले ते?"

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "ते बी मेले, भाऊ," त्या म्हणाल्या. "कोनी चालून नाई राह्यलं."

लटारू लहान पोरासारखे रडले. चंदानं घरातले कपडे, गोधड्या सगळं उकळून काढलं, खाट उन्हात टाकली. अंगावरच्या खपल्या पंधरा दिवसांत वाळल्या. पण अंगावरचं चालणं थांबलं नाही. किडे गेले तरी त्यांच्या पायांची आठवण त्या माणसाच्या कातडीत राहून गेली होती. डॉक्टरांच्या ओळखीनं गडचिरोलीला आधी कातडीच्या, मग मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. केंद्राचं काम त्यांनी पुन्हा धरलं नाही, आणि कोणी धरा म्हणालंही नाही.

सत्यशीलाबाई अजून तिथंच आहेत. पहिलं शील म्हणताना त्या अजूनही क्षणभर थांबतात, असं त्या सांगतात. थांबायलाच पाहिजे, असंही म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर धान कापणी आटोपल्यावर चंदा त्यांना बाजारात भेटली. तिनं सांगितलं, "काल दुपारी बांधावर निजले होते. मोहाच्या झाडाखाली, सावलीत. त्यायच्या पायावर काईतरी चढलं. मले वाटलं, बाई, आता उठन, आता रॉकेल मांगन. त्यायनं डोळे उघडले, पाह्यलं, अन् म्हनाले, 'मुंगी आहे.' तिले झटकलं, अन् कूस वळवून निजले."