दुसऱ्या वेळची सपाट रेषा

आज शेजारून वेलदोडा घातलेल्या खरवसाचा वास आला आणि परभणीतली एक दुपार आठवली. दुधातलं एक प्रथिन तापल्यावर त्याची घडी कशी उलगडते, याचं गणिती मॉडेल मी एम.एस्सी.ला करत होते. महागड्या यंत्रात नमुना तापवला, तेव्हा घडी उलगडताना पडद्यावर सुरेख उंचवटा उमटला. तोच नमुना थंड करून पुन्हा तापवला, तर रेषा सपाट! यंत्र माझ्या हातून बिघडलं, आता कॉलेजातून नाव काढून टाकणार, असंच वाटलं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आता परत शेळ्यांमागे जावं लागणार. जिन्यात बसून रडतच आईला फोनवर सगळं सांगितलं. “अगं येडे, रडायलीस कशाला? खरवस निवला म्हणून त्याचा परत पातळ चीक हुतोय व्हय?” सरांपुढे उभी राहून मी रेषेबद्दल सांगितलं, आणि आईचं ते वाक्यही. त्यांनी यंत्र तपासलं, मग माझी वही. “यंत्र ठीक आहे. तुझ्या समीकरणात परतीची वाट कुणी ठेवली?” निवल्यावर घडी पुन्हा बसते, असं धरून ती मीच ठेवली होती. आता हे शिकवताना मी आईच्या पातेल्यापासून सुरुवात करते. तरी नमुना दुसऱ्यांदा तापवताना श्वास रोखला जातोच.