पुढचे टायर मागे

टायरच्या दुकानातला माणूस सगळं माझ्याकडे बघून बोलत होता. गाडी माझी नव्हती. मला गाडी चालवताही येत नाही. तरी तो मलाच म्हणाला, "साहेब, मॅडम ही गाडी कशासाठी वापरतात?"

मॅडम त्याच्या समोरच काउंटरवर कोपर टेकून उभ्या होत्या. मॅडम म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. घरात तिला ठिणगी म्हणतात. साठी उलटली तरी ते नाव सुटलेलं नाही, आणि सुटावं असं तिने काही केलेलंही नाही.

"कामावर जायला," ती म्हणाली. "आणि यांना काय विचारता? हे माझे भावोजी. गप्प बसतात म्हणून मी यांना बरोबर आणते."

ते खरं होतं. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात मीटर वाचण्यात गेली. त्या कामात बोलावं लागत नाही आणि आकड्यांपलीकडे लिहावंही लागत नाही. त्यामुळे हे सांगणं मला नीट जमेल असं वाटत नाही. पण म्हातारपणी हिला चळ लागला, क्षुल्लक टायरांवरून सख्ख्या भावाशी भांडली, असं नात्यातले लोक चहा पिता पिता बोलतात, आणि ते ऐकून माझ्या अंगाची लाही होते. म्हणून जे घडलं ते सांगतो.

ठिणगी कवळ्या बनवते. दवाखाने जबड्यांचे साचे पाठवतात, त्यावरून दात बसवून देणारी एक छोटी कार्यशाळा आहे, तिथे ती तरुणपणापासून आहे. दोनच खोल्या. एकीत प्लॅस्टर कालवतात, दुसरीत घासकामाची यंत्रं फिरतात. तिथे गुलाबी मेणाचा वास असतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. लग्न तिने केलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं आणि ते गेल्यावर त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहिली. खाली दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याची बायको आणि मुलगा.

गाडी तिने एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतली. दोन माणसांची, कापडी छताची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. डॉक्टरांचे गुडघे गेले होते. गाडीत बसलं की उतरता येईना आणि उतरलं की पुन्हा बसवेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. आयुष्यात या बाईने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. दादा तेव्हा म्हणाला होता, "दोघांची गाडी? दुसरं कोण बसणार?" भर जेवणात, सगळ्यांसमोर. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझी पिशवी."

यंदा जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीत गाडी नापास झाली. इंजिन ठणठणीत, ब्रेक चांगले, पण टायरांच्या कडांना भेगा पडल्या होत्या. तपासणाऱ्याने नखाने रबर दाबून दाखवलं, ते दगडासारखं झालं होतं. महिनाभरात बदला, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं त्याने सांगितलं. दादाला ही बातमी गोड लागली. त्याला मोठी नवी गाडी घ्यायची होती आणि गॅरेज एकच होतं. "आता विकून टाक," तो रोज म्हणू लागला. "तुला परवडणार नाही ते. अशा गाड्यांचे टायर म्हणजे सोनं."

परवडणार नाही ही भीती तिलाही होती. टायर आवाक्यात मिळाले तर गाडी राहील, नाहीतर विकेन, हे तिने मला जिना उतरताना सांगितलं. पुढे म्हणाली, "पण विकायची की नाही ते मी ठरवणार. दादाने सांगितलं म्हणून नाही."

म्हणून आम्ही दुकानं पालथी घालत होतो. गाडीचे पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद, त्यामुळे चारही एकाच मापाचे घेऊन चालत नव्हतं. ज्याने मला साहेब म्हटलं त्याच्याकडे गाडीच्या कंपनीने सुचवलेले टायर होते. त्याने भाव सांगितला तेव्हा ठिणगी म्हणाली, "म्हणजे टायर घेऊन गाडी तुमच्याकडेच ठेवायची का?" दुसऱ्या दुकानात तेच टायर निम्म्या भावात होते. तिने वाकून टायरच्या कडेवर बोट फिरवत बनल्याची तारीख शोधली. टायर कित्येक वर्षं दुकानातच पडून होता.

"वापरलेला नाही हो," दुकानदार म्हणाला. "गोदामात होता. सावलीत."

"सावलीत ठेवलं तरी माणूस म्हातारा होतोच ना? ते माझं राहू द्या, यांच्याकडे बघा," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. दुकानदार हसला. मीही हसलो. ती मात्र चिडलेली होती, तिचे कान लाल झाले होते.

तिसरं दुकान शहराच्या टोकाला, ट्रकवाल्यांच्या गॅरेजांमध्ये होतं. मालक सर्दीने बेजार होता आणि त्याला आमच्यात काडीचा रस नव्हता. त्याने एकच विचारलं. "शर्यतीत पळवता?"

"रोज शर्यतच असते. पण माणसांशी."

"मग महागाचे नकोत," तो नाक पुसत म्हणाला. त्याने एका मधल्या कंपनीचे टायर सुचवले. नाव मोठं नव्हतं, माप पुढे-मागे बरोबर होतं, आणि वेगाची जी मर्यादा त्यांवर छापली होती तिच्या जवळपासही ठिणगी कधी जाणार नव्हती. ओल्या रस्त्यावर कसे आहेत, असं तिने तीन-चार वेळा विचारलं. शेवटी तो वैतागला. "बाई, भिजवून दाखवू का?" तिला तो आवडला. पुढचे होते, मागचे मागवावे लागणार होते. आठवड्याने या, म्हणाला. भाव तिच्या हिशेबात बसत होता. परत येताना ती गाणं गुणगुणत होती. असं मी तिला क्वचितच ऐकलं आहे.

आता त्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. खालच्या दाराशी एक लाकडी फळी आहे, तिला खिळे ठोकलेले आहेत. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या चाव्या तिथे. सासऱ्यांनी घातलेली शिस्त. ज्याला लागेल त्याने घ्यावी, विचारायचं नाही. ठिणगीच्या गाडीची चावीही तिथेच असायची. वेगळी ठेवली तर मी घरातली नाही असं दिसेल, असं तिला वाटायचं.

आठवडा संपायच्या आत, ती कामावर असताना, दादाच्या मुलाने ती चावी घेतली. हा तिशीचा बाप्या, मोबाइलच्या दुकानात आहे, आणि स्वस्तात काय मिळतं हे आपल्याला कळतं अशी त्याची समजूत. कुठेतरी सवलत लागली होती, चार टायर घेतले तर बसवणं फुकट. त्याने चार घेतले. चारही पुढच्या मापाचे. जुने तिथेच टाकून आला.

त्या संध्याकाळी मी आणि बायको तिथेच होतो. टायर बदलेपर्यंत ठिणगी बसनेच ये-जा करत होती. ती आली, गॅरेजचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन पाहिलं तर ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. रुंद चाकावर तो अरुंद टायर ताणून बसवला होता, चाकाची कड बाहेर डोकावत होती. एखाद्या धिप्पाड माणसाला पोराची टोपी घालावी तसं दिसत होतं.

"आत्या, सरप्राइज," पोरगा मागून म्हणाला. "सगळे नवे कोरे."

ती उठली. "कोणाला विचारून?"

"अगं, तुझंच काम केलं त्याने," दादा दारातून म्हणाला. "रविवारी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. भेगा पडलेले टायर बघून पळून गेलं असतं. आभार राहिले बाजूला."

"गिऱ्हाईक कोणी बोलावलं?"

"मी बोलावलं. तुझ्या भल्यासाठीच ना?"

ठिणगी दादाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या तोंडातली कवळी तिच्याच हातची आहे, खालचीही आणि वरचीही. "दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "खालची कवळी काढ आणि वर बसव. बसव ना. दोन्ही कवळ्याच आहेत. आणि मग जेवून दाखव मला."

माझी बायको फस्सकन हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. दादा पांढराफटक पडला. "नाटकं करू नकोस. चाक गोल आहे, टायर गोल आहे, फिरतं आहे. तुला फक्त भांडायला निमित्त लागतं. आईपासून सगळ्यांना छळलंस तू."

आईचं नाव त्याने काढायला नको होतं. आईची शेवटची वर्षं या माणसाने वरचा जिना चढला नव्हता. मला ते माहीत होतं, कारण औषधं आणून द्यायला मी चढायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्या सर्दीवाल्याकडे निघाली. मागचे टायर आल्याचा निरोप आला होता. मी शेजारी बसलो. "सावकाश नेते," ती म्हणाली, आणि खरंच सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. मोठ्या चौकात पाण्याचा पाइप फुटून रस्ता ओला झाला होता. तिने वळवायला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीचं तोंड वळलं, पण मागचं अंग वळलं नाही. ते सरळ बाहेरच्या बाजूला घसरत गेलं, कोणी शेपटी धरून ओढावं तसं. मला समोर आधी दुकानं दिसली, मग आम्ही आलो तो रस्ता दिसला, आणि मग फुटपाथच्या कडेशी गाडी थांबली. तिथे एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. तिच्यात आणि आमच्यात हातभराचं अंतर होतं. ती मागे मागे सरकत निघून गेली.

ठिणगीने इंजिन बंद केलं. मागून हॉर्न वाजत होते. तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"विकते," ती म्हणाली. "भावोजी, आता खरंच विकते. ते मूल..."

मी इतकंच म्हणालो, "हे टायर तू निवडले नव्हतेस."

मग तिने मान वर केली, आणि चेहऱ्यावरची भीती जाऊन तिथे तिचा जुना राग आलेला मी पाहिला. मला हायसं वाटलं. रस्ता कोरडा असलेल्या गल्ल्यांमधून, माणूस चालेल इतक्या हळू, ती गाडी टोकाच्या दुकानापर्यंत घेऊन गेली. सर्दीवाल्याने मागचं चाक पाहिलं आणि एक शिवी दिली. ती कोणाला होती ते सांगायची गरज नव्हती. दुपारपर्यंत तिने निवडलेले चार टायर चढले. काढलेले चार तिने सीटमागे आणि माझ्या मांडीवर कोंबले. परत येताना त्याच चौकात, त्याच ओल्या रस्त्यावर गाडी मुकाट वळली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता, पांढरा शर्ट घालून बायकोसकट आला होता. दादाने त्याला खुर्ची दिली आणि गाडीच्या मायलेजबद्दल सांगू लागला. ठिणगी वरून खाली आली, एकेक करून चार टायर जिन्यावरून गडगडत आणले आणि गिऱ्हाइकाच्या पायाशी रचले.

"गाडी माझ्या नावावर आहे आणि ती विकायची नाही," ती म्हणाली. "विकायचे आहेत ते हे. नवे आहेत. एकदाच घसरलेत. पैसे या मुलाला द्या, त्याचे गेले आहेत."

माणूस दादाकडे बघू लागला. त्याची बायको उठून उभी राहिली आणि चला म्हणाली. दादाने त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन, आम्ही सगळे ऐकत असताना, म्हणाला, "गॅरेज माझं आहे. महिनाअखेर रिकामं कर. उघड्यावर ठेव तुझं खेळणं."

"महिनाअखेर कशाला," ठिणगी म्हणाली.

तिने चावी पर्समधून काढली. माझी बायको म्हणाली, "अगं, जेवून तरी जा." ती थांबली नाही. कार्यशाळेच्या मागे, प्लॅस्टरची पोती उतरवतात त्या अंगणात जागा आहे, मालकाशी बोलणं तिने आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. तिने छत उघडलं, इंजिन सुरू केलं आणि गाडी मागे घेत बाहेर काढू लागली. दादा गॅरेजच्या दाराला टेकून उभा होता, हाताची घडी, एक पाऊल पुढे, जणू ती अडेल असं त्याला वाटत होतं. मागचं रुंद चाक त्याच्या चपलेपर्यंत आलं आणि थांबलं.

"दादा," ती मान वळवून म्हणाली, "पाय घे."

त्याने घेतला.