सदऱ्यावरचा चीक

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही. बायको त्यात सोबत होती — पण आमच्यातही त्यावर शब्द निघाला नाही. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर वाकडं. तरी स्वतःच्या हातानंच लिहितो.

आमच्या सावद्याकडे केळीची बाग म्हणजे माणसाची अब्रू. उन्हानं घड सटकून खाली पडले, तर लोक उन्हाला नावं ठेवत नाहीत, मालकाला ठेवतात — यानं पाणी चुकवलं असेल. मीही जन्मभर तेच म्हणत आलो. माझ्या बागेकडे कधी कुणी बोट दाखवलं नाही.

शेजारच्या सिंधूअक्काची बाग उन्हानं गेली, तशी ती कोर्टात गेली. कोळशाच्या धुरानं ऊन वाढतंय, सरकारनं तो धूर आवरावा, असं तिचं म्हणणं. बाई म्हणे सरकारवर दावा लावते — मी पारावर बसून हसलो होतो. समोरच्या वकिलानं मांडलं, बाईनं निगा राखली नाही. मग कोर्टानं बागा पाहायला एक साहेब पाठवले.

आदल्या दिवशी अक्का आली. "नाना, तुमची बी पश्चिमेची केयी जयली ना? तेवढं दाखवजा त्याले. तुमी निगा ठेवत नाही, असं कोन म्हनीन?"

खरंच, कोण म्हणणार होतं? म्हणून तर ती माझ्याकडे आली होती. मी हो म्हणून मान हलवली.

आणि पहाटे — कसं लिहू — बायकोला घेऊन पश्चिमेची ती जळकी केळीची झाडं बुडातून कापली. सटकलेले घड नाल्यात ढकलले. साहेब आले तेव्हा मी बांधावर ताठ उभा. म्हणालो, पाण्याला जागतो त्याची बाग उन्हानं जळत नाही, साहेब.

अक्का तिथंच होती. माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाना, सदऱ्याले चीक लागला."

केळी कापल्याचा ओला चीक. आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं ते. साहेब शहरातले, त्यांना काय कळणार? ते पुढे निघाले. अक्का त्यांना सांगू शकली असती. नाही सांगितलं. का — ते मी कधी विचारलं नाही.

दावा फेटाळला. शेजारची बाग शाबूत होती, हेही निकालात आलं, असं तिच्या वकिलानं तिला वाचून दाखवलं. अक्कानं बाग मोडली, भुसावळला लेकीकडे गेली. धूर तसाच आहे. ऊन दरसाल चढतंच आहे. आता इथून कोर्टाची पायरी कोण चढणार?

यंदा माझी सगळी बाग सटकली. लोक विचारतात, नाना, काय झालं? ऊन म्हणायला जीभ अजून वळत नाही. सांगतो — मीच मोडली.