परफॉर्मन्स क्लच आणि बाबांचा डावा पाय

मला चारचाकी चालवता येत नाही. दुचाकी येते, पण तिच्यावर माझ्या मागे बसायला सहसा कोणी तयार होत नाही. तरी गाड्यांविषयी मत द्यायला मला कधी अडचण पडली नाही. वणीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात तासभर कोणी उलट बोलत नाही, त्यामुळे आपण म्हणतो ते खरंच असतं अशी एक वाईट सवय लागते. बाबांनी उभी हयात कोळशाच्या खाणीत डंपर चालवला. घरात गाडी चालवायची बाबांनी आणि तिच्याबद्दल बोलायचं मी, अशी आमची वाटणी होती.

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. एरवी ती दारात उभी असते, कोंबड्या तिच्या सावलीला बसतात. तिचं वर्षातलं खरं काम एकच. दसऱ्याला बाबा तिच्यात आईला, मला आणि गल्लीतल्या सात मावश्यांना कोंबून नागपूरला दीक्षाभूमीवर नेतात. मावश्या सख्ख्या नाहीत, गल्लीतल्या आहेत, म्हणजे जास्तच हक्काच्या. सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, मांडीवर भाकरीचे डबे, आणि पुढे कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बाबा. त्या दिवशी गल्लीत त्यांचा जो मान असतो, तो विहारात भाषणाला येणाऱ्या पाहुण्यालाही मिळत नाही.

यंदा पोळ्याच्या सुमारास जीपचा क्लच घसरायला लागला. इंजिन बोंब मारायचं आणि गाडी जागची हलायची नाही. चंद्रपूर रोडला टिनाच्या शेडमध्ये आमच्या ओळखीचे एक मिस्त्री बसतात. मोजकं बोलणारा माणूस, कारण तोंडात सदैव तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी चाकाला टेकून सांगितलं की प्लेट झिजली, साधी नवी टाकू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. हे इतकं सोपं निघालं की मला ते पटेचना. मी आदल्या रात्रीच मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले होते. वाळूच्या टेकड्यांवरून गाड्या उडवणारी मंडळी कुठला क्लच वापरतात ते मला आता ठाऊक होतं. त्याला परफॉर्मन्स क्लच म्हणतात. त्याची पकड जबर असते, स्प्रिंग कडक असते. मी तो दिल्लीहून मागवला. आमची जीप कुठल्या टेकडीवरून उडणार होती, हे मला कोणी विचारलं नाही. आईने तेवढं खोकं मागून घेतलं आणि त्यात कुरडया भरल्या.

क्लच बसवायच्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. जीपचा तळ गंजून त्याला भोकं पडली होती, पावसात बाबांचे पाय भिजायचे. खाणीत कोळसा वाहून नेणारा जो रबरी पट्टा असतो, त्याचे जुने तुकडे आमच्याकडे भंगारात मिळतात. बोटभर जाड, आत कापडाचे थर, पिढ्यान् पिढ्या न फाटणारा. आमच्या भागात तो न्हाणीपुढे असतो, गोठ्यात म्हशीखाली असतो, दुकानाच्या पायरीवर असतो. मी एक तुकडा आणला, मापाने कापला आणि बाबांच्या पायाखाली टाकला. बाबांनी त्यावर दोन्ही पाय घासून पाहिले आणि खूश झाले.

पहिल्याच दिवशी रेल्वे फाटकावर घोटाळा झाला. फाटक बंद, मागे कोळशाच्या ट्रकांची रांग. फाटक उघडलं, बाबांनी क्लच पूर्ण दाबला आणि गियर टाकायला गेले, तर आतून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज आला. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत व्हायला हवी. ती होतच नव्हती. ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. बाबांनी इंजिन बंद केलं, पहिला गियर टाकला आणि तसंच सेल मारून जीप उसळत पलीकडे काढली. पुढचे गियर तर त्यांनी क्लचला हात, म्हणजे पाय, न लावता, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून बदलले आणि घरी आणली. हे करणारा माणूस गाडीतलं किती जाणतो, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. मी मात्र शेजारी बसून द्रवाचा दाब सगळीकडे सारखा कसा पसरतो ते त्यांना समजावत होते.

आमच्या जीपला तारेचा क्लच नाही, तेलाचा आहे. पायाने वरच्या सिलिंडरमधलं तेल दाबायचं, ते नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तिथला दांडा क्लच सोडवतो. नळीत हवा शिरली तर सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. मिस्त्री म्हणाले, हवा असेल. माझंही तेच मत होतं, त्यामुळे मला मिस्त्री फार हुशार वाटले.

त्यांची कामाची एक पद्धत होती. आधी गाडीच्या तळातलं जे असेल ते बाहेर काढायचे. आमचा पट्टा त्यांना इतका आवडला की तो जमिनीवर अंथरून त्यावर पाठ टेकूनच ते जीपखाली शिरले. मी वर बसून पेडल मारायचं, ते खालून नट ढिला करून हवा सोडणार. तोंडात खर्रा असल्याने हुकूम पान्याच्या ठोक्यांनी यायचे. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे धरून ठेव, तीन म्हणजे सोड. मी तिसऱ्या फेरीला मोजणी चुकले आणि तेलाची चिळकांडी मिस्त्रींच्या कानात गेली. ते बाहेर आले, कान पुसला, माझ्याकडे आदराने पाहिलं आणि पुन्हा आत गेले. मग त्यांनी गाडी शेडसमोर मागे-पुढे करून दाखवली. गियर लोण्यासारखे पडत होते. मिस्त्री हात धुवायला गेले, मी पट्टा धुऊन पुसून जागेवर टाकला, कारण मी नीटनेटकी आहे. बाबा गाडी घेऊन निघाले आणि पोस्टापर्यंत येईतो पुन्हा तोच कर्र आवाज.

दुसऱ्या खेपेला खालचा सिलिंडर बदलला. तिसऱ्या खेपेला अख्खा गियरबॉक्स उतरवून क्लचची प्लेट उलटी तर बसली नाही ना, ते पाहिलं. सुलटीच होती. दर वेळी शेडसमोर गाडी झकास चालायची, मी पट्टा धुऊन परत टाकायचे, आणि रस्त्यावर बाबांच्या हातात ती बिघडायची. थंड असताना कसाबसा सुटणारा क्लच गरम झाला की सुटायचाच नाही. दसरा जवळ येत होता.

तिसऱ्या खेपेनंतर मिस्त्रींनी मला बाजूला बोलावलं आणि खर्रा थुंकून आले. खर्रा थुंकण्याइतकं महत्त्वाचं त्यांना काही सांगायचं आहे, म्हणून मी घाबरले.

"मॅडम, माह्या पायानं गाडी बराबर चालून राह्यली," ते म्हणाले. "काकाचाच पाय कमी पडत असंन. स्प्रिंग कडक आहे ना."

मला ते तात्काळ पटलं. दोन माणसं, एकच गाडी, एकाच्या पायाने चालते, दुसऱ्याच्या नाही, तर दोष कुठे? असा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर हेच उत्तर बरोबर धरलं असतं. पण मी शास्त्राची बाई, नुसत्या तर्कावर थांबणार नव्हते. घरी वजनकाटा होता. मी तो भिंतीला उभा टेकवला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि आधी उजव्या, मग डाव्या पायाने जोर लावायला सांगितला. डावा पाय कमी भरला. माझा स्वतःचा मोजून पाहावा, हे मला सुचलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की माणूस आहे का कापसाचं बोचकं, काट्यावर कायले टाकून राह्यली. मी तिला प्रयोगात बोलू नकोस म्हणून सांगितलं.

बाबांनी वाकून काट्यावरचा आकडा पाहिला. मग त्यांनी पायजमा खाली केला आणि असंन, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत सातही मावश्यांच्या घरी जाऊन आले. बाबांच्या डाव्या पायातली ताकद गेली आहे, यंदा ते गाडी चालवणार नाहीत, दसऱ्याला भाड्याची गाडी बघतो आहोत, असं मी प्रत्येक दारात समजावून सांगितलं. एकीने बाबांसाठी तेलाची बाटली दिली. एकीने त्यांना बसल्या जागी ताक पाठवलं. दोनच दिवसांत बाबा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जायचे बंद झाले, कारण तिथे प्रत्येक जण आधी त्यांच्या पायाकडे बघायचा. जीपची किल्ली त्यांनी आपल्या खिशातून काढून टीव्हीवर ठेवली. मला वाईट वाटलं, पण मी बरोबर आहे याचं थोडं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं खरं.

तिसऱ्यांदा बिघडून परत आलेली जीप अजून शेडमध्येच होती. मिस्त्रींनी ती आणून द्यावी, असं ठरलं. मी आणि बाबा सोबत गेलो. मी नेहमीप्रमाणे पट्टा धुऊन जागेवर टाकला, मिस्त्री चालवायला बसले, बाबा पहिल्यांदाच आपल्या जीपमध्ये शेजारच्या सीटवर बसले आणि मी मागे. शेडमधून निघतानाच पहिला गियर जरा कुरकुरला. मिस्त्रींनी भुवया उंचावल्या. फाटकापाशी थांबून पुन्हा निघायची वेळ आली आणि त्यांनी क्लच दाबून गियर ओढला, तर तोच आवाज, खडे आणि जातं. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा कर्र. तोंडात खर्रा असूनही मिस्त्रींचं तोंड उघडं राहिलं.

चालवताना माणसाला स्वतःचा पाय दिसत नाही. शेजारी बसलेल्याला दिसतो. बाबा वाकून मिस्त्रींच्या पायाकडे पाहत होते. त्यांनी त्यांना आणखी एकदा क्लच दाबायला लावलं, मग पाय उचलायला सांगितला, आणि खाली हात घालून तो पट्टा सर्रकन बाहेर ओढला. आता दाबा म्हणाले. पेडल आधीपेक्षा बोटभर खाली गेलं. गियर पडला, आवाजाशिवाय.

झालं होतं ते एवढंच. माझ्या जबर पकडीच्या क्लचला सुटायला पेडलचा पूर्ण फेर लागत होता, आणि शेवटचा बोटभर फेर माझ्या बोटभर जाड पट्ट्याने अडवला होता. शेडमध्ये पट्टा मिस्त्रींच्या पाठीखाली असायचा, म्हणून तिथे गाडी चालायची. जुन्या साध्या क्लचने कदाचित तेवढं सोसून घेतलंही असतं. क्लच मागवला तोही मीच, पट्टा टाकला तोही मीच, आणि दर वेळी धुऊन परत टाकला तोही मीच.  मिस्त्री उतरले, जीपला वळसा घालून आले आणि बाबांसाठी दार उघडून उभे राहिले.

बाबा स्टीअरिंगवर बसले. मागचे ट्रकवाले ओरडत होते, पण बाबांना घाई नव्हती. मी म्हटलं, बाबा, पायाला काही झालं नव्हतं तर तुम्ही त्या दिवशी काट्यापुढे असंन काहून म्हणाले?

"तुले मीच शिकवलं ना," ते म्हणाले. "तू म्हनली पाय गेला, तं मले वाटलं गेला असंन. पायाले म्या इचारलंच नाही."

 आम्ही फाटक ओलांडलं. मिस्त्रींना मध्ये उतरवलं, पट्टा त्यांनाच देऊन टाकला, तो त्यांनी आनंदाने काखेत मारला. मला वाटलं, आता घरी. पण गल्लीच्या तोंडाशी बाबांनी जीप पहिल्या मावशीच्या दारात उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि मला उतरायला सांगितलं. मी दारोदार जे सांगून आले होते, ते दारोदार परत घ्यायचं होतं.

मी उतरले. बाबांचा पाय ठणठणीत आहे, चूक माझी होती, दसऱ्याला तेच गाडी नेणार, असं म्हणाले. मावशी माझ्या मागे जीपकडे बघून हसली आणि तेलाची बाटली परत मागितली. पुढच्या दारात मी तेच वाक्य जरा विनोद करून सांगितलं, त्याच्या पुढच्या दारात पट्ट्याची गोष्टही रंगवून सांगितली. चौथ्या मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तुह्यं ऐकून बाबा आठ दिवस घरात बसले, त्याईले काय वाटलं असंन. मी विनोद सोडला आणि चुकलं, एवढंच म्हणाले. मी पदराने डोळे पुसत पाचव्या दाराकडे वळले, तेव्हा बाबांनी जीप माझ्या शेजारी आणून थांबवली.

"बस आता," ते म्हणाले. "बाकीच्याइले मी सांगतो."