हवेतली तपासणी

नऊ वर्षं मी बायकांना स्तनांची तपासणी शिकवत होते, आणि तीही हवेत. आम्हा सगळ्या सिस्टरांची तीच पद्धत. शेजारी पुरुष डॉक्टर, दारात ड्रायव्हर, मग अंगाला हात कसा लावायचा? युनिफॉर्मपासून चार बोटं लांब हात धरायचा, तीन बोटं गोल फिरवायची, "पाळी संपली की, दर महिन्याला" म्हणायचं आणि हजेरीवर सह्या घ्यायच्या. माझी टकळी अशी चालायची की मध्ये शंका विचारायची कुणाची टाप नव्हती.

देवगाव रंगारीच्या शिबिरात पुढं बसलेल्या एका म्हातारीनं मला अडवलं.

"अगं बाई, हात तर टेकव की! हवेत काय फिरवायलीस? असं कळतंय व्हय?"

बायका खदखदून हसल्या. मला असा राग आला! तिला गप्प करायचं म्हणून मी स्वतःच्याच डाव्या स्तनावर हात टेकवला आणि जोरात दाबला.

बोटांखाली हरभऱ्याएवढं टणक काहीतरी लागलं.

मी पुन्हा दाबलं. ते तिथंच होतं. समोरच्या बायकाही माझं बघून आपापला हात तिथंच दाबून थांबल्या होत्या.

"पुढं काय करायचं, सिस्टर?" एकीनं विचारलं. नऊ वर्षं घोकलेलं भाषण, पण पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बरोबरच्या दोघी सिस्टरांना सांगितलं. "तुम्ही करता का गं, दर महिन्याला?"

"आपल्याला कुठं वेळ असतो," एक म्हणाली. दुसरीनं उठून दाराला आतून कडी लावली आणि स्वतःला चाचपायला लागली. मी थक्क झाले. गावोगावच्या बायकांना शिकवणाऱ्या आम्ही तिघी, आणि एकीनंही स्वतःला कधी हात लावून पाहिलेला नव्हता!

आठवड्यानं गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तो दोनदा वाचला. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "गाठ कधीपासून आहे?"

ओपीडीत हा प्रश्न मीच विचारायचे. बाई "माहीत नाही" म्हणाली की माझं डोकंच फिरायचं. स्वतःच्या अंगाचं तुम्हाला माहीत नाही? इतके दिवस काय करत होता? किती जणींना मी असं झापलं असेल.

"सिस्टर, कधीपासून?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि आता त्या झापतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले.