गयाआत्याच्या कोंबड्या आणि मी

गयाआत्याच्या सगळ्या कोंबड्या माझ्यामुळं मेल्या होत्या.

ही गोष्ट वस्तीत दोघांनाच माहीत होती. मला आणि तिला.

मागच्या आठवड्यात आत्या गेली. आज पुण्यानुमोदन झालं. घरी आलो आणि लिहायला बसलो.

आमच्या घरामागं तिचं घर. नवरा लवकर वारला. लोकांच्या उसात खुरपून तिनं दोन पोरं शिकवली. परसात कायम पंधरा-वीस गावठी कोंबड्या.

चार वर्षांपूर्वी कुरकुंभच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून येताना भांडगावच्या अलीकडं माझी बाईक स्लिप झाली. मांडीत रॉड पडला. कॉन्ट्रॅक्टवरचं काम, तेही गेलं.

बायको, रेखा, सकाळी डबा घेऊन ड्युटीला जायची. मी दिवसभर कॉटवर, मोबाईल बघत. डॉक्टर म्हणायचे, चाला. मी वॉकरला हात लावत नव्हतो.

खरं सांगू? जगायचाच कंटाळा आला होता.

एक दिवस आत्या पाटी घेऊन दारात उभी. पाटीत राख, भुसा आणि तेरा अंडी. काखेत अंड्यावर बसायला आलेली तांबडी खुडूक कोंबडी.

"मिलिंदा, हिला तुझ्याकडं बसवते. माझ्याकडं जागा न्हाई."

तिच्याकडं जागा भरपूर होती.

"आत्या, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काय लागतंय? एकवीस दिस दाणापाणी बघायचं. ती चरायला उठली की मांजर येऊ द्यायचं न्हाई. बास."

आणि पाटी नेऊन ठेवली कुठं? आमच्या परसाच्या पार टोकाला, लिंबाखालच्या खोपटात!

वॉकर घेऊन दिवसातून चार खेपा. आत्याला मनातल्या मनात शिव्या देत चालायचो.

रेखा हसायची. "त्यांनी कॉटजवळ ठेवली असती, तर तुम्ही उठला असता का?"

एकविसाव्या दिवशी अंड्याला आतून टिचकी पडली. तेरातली अकरा निघाली. त्यातलं एक ओलं पिल्लू माझ्या तळहातावर थरथरत उभं राहिलं, आणि मी लहान पोरासारखा रडलो.

मग आत्याची शाळा सुरू. "पाणी उथळ ताटलीत ठेव, त्यात खडं टाक, न्हाईतर बुडत्यात." "कणी बारीक कर." "घार फिरतीया, डालीखाली झाक."

सहा महिन्यांत माझी काठी सुटली. पिल्लांच्या कोंबड्या झाल्या.

आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

दौंडच्या बाजारातून आठ तलंगा, कोवळ्या कोंबड्या, आणल्या, स्वस्तात. आत्या दहादा सांगायची, नवी कोंबडी आणली तर पंधरा दिस लांब ठेवायची. मी त्याच संध्याकाळी आपल्यात सोडल्या. तिनं विचारलं तर म्हणालो, "पाहुण्यांनी दिल्या."

पाचव्या दिवशी एकीची मान वाकडी झाली. हिरवी हगवण लागली. मानमोडी.

आमच्या दोघांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरायच्या. आठ दिवसांत तिचं खुराडं रिकामं झालं. माझ्या चारच उभ्या राहिल्या, त्याही मलूल.

"ह्या दौंडला नेऊन विकतो," मी म्हणालो.

तिनं माझं मनगट धरलं. "दुसऱ्याच्या दारात मरण धाडतोस व्हय रं?"

त्याही दोन दिवसांत गेल्या. मागं खड्डा काढला. ती चुना टाकत होती, मी एकेक कोंबडी ठेवत होतो. एका तलंगीच्या पायाला बाजारातली सुतळी तशीच होती. आत्यानं ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं. माझी मान खाली.

 तिनं फावड्यानं माती ओढली.

बायका विचारायला आल्या. "कुठनं आली गं साथ?"

"वारं आलं व्हतं," आत्या म्हणाली. मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर मी तिला टाळायला लागलो. तिच्या दारावरनं जायचं सोडलं, पुढच्या रस्त्यानं फिरून जायचो. तिनं मात्र एक दिवस येऊन माझं खुराडं धुतलं, चुन्यानं सारवलं. दोन महिने दोन्ही खुराडी रिकामी ठेवली.

मग इनामगावला बहिणीकडं जाऊन आली. येष्टीनं, मांडीवर डबा धरून. डब्यात कोंड्यात ठेवलेली चोवीस अंडी. स्वतःच्या घरी जायच्या आधी माझ्या दारात बसली, आणि बारा मोजून माझ्या पुढ्यात ठेवली.

"ही तुझी. बसवायला खुडूक कोंबडी बी आणते."

 "आत्या, त्या साथीला मीच…"

"ठावं हाय मला. आता ऐक. पिल्लू सात दिसांचं झालं की डोळ्यात थेंब टाकायचं औषध असतंय, दौंडला जनावरांच्या दवाखान्यात. ते शिकून घे. वस्तीत कुणालाच यीत न्हाई."

बास. तो विषय तिनं परत कधीच काढला नाही.

मी शिकलो. आज वस्तीतल्या सगळ्यांच्या पिल्लांना थेंब मीच टाकतो. बर्फाच्या थर्मासमध्ये औषध घेऊन दारोदार जातो. दुसऱ्या कंपनीत कामही लागलं. कोंबड्या आता रेखा बघते. आमच्या मुलीच्या शाळेच्या डब्यात रोज घरचं अंडं असतं.

गेल्या महिन्यात आत्या अंथरुणाला खिळली. मी अंडं उकडून नेलं. तिनं अर्धं खाल्लं.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

मी म्हणालो, "आत्या, तुझे लय उपकार हायेत माझ्यावर."

"हात धुऊन घे आधी," म्हणाली, आणि हसली.

आत्या, तू मला माफ केलंस, हे मोठंच. पण माफ करून परत कामाला लावलंस, म्हणून मी माणसात आलो.

हे तुला नीट सांगायचं राहून गेलं.

शांत झोप, आत्या. जय भीम.